कुंकवाखालचा कण

मथुराच्या आईचा, म्हणजे मावशींचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करत होते. हातात चिमटा होता म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "सुलू, मथी उठत नाय," एवढंच त्या म्हणाल्या. ना रडणं, ना घाई. ते ऐकून आजोबांनीच पाय मागे घेतला आणि मला निघा म्हणाले. जुन्या पनवेलातून विचुंबे असं कितीसं लांब? पण त्या सकाळी पुलावर एक ट्रक आडवा झालेला, रिक्षावाला हॉर्न वाजवून थकलेला, आणि मी मागे बसून सगळ्या जगाला शिव्या घालत होते. लवकर पोचून तरी मी काय दिवे लावणार होते म्हणा! गेलं दीड वर्ष मी तिच्या घरी जात होते ती डॉक्टर म्हणून, आणि दर वेळी रिकाम्या हातांनी परतत होते. पोचले तेव्हा मथुरा खिडकीकडे तोंड करून निजली होती, आणि मावशींनी तिचे केस विंचरून ठेवले होते. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या मृत्यूचा दाखला मलाच लिहायचा होता. नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन तसंच धरून कितीतरी वेळ बसून राहिले...

मथुरा माझी पाचवीपासूनची मैत्रीण. मी गावातल्या बाजारपेठेतली, ती विचुंब्याच्या आगरी घरातली. आमच्या शाळेत तिच्या 'हाय-नाय'ला पोरी फिदीफिदी हसायच्या. ही अजिबात लाजायची नाही, उलट हसणारीला गणित घालायची आणि ते येईना की "आता हस" म्हणायची. माझीही अशी जिरवली आहे तिने. पुढे मी मेडिकलला गेले, ती फिजिक्सला. परदेशात शिकून आली, मुंबईतल्या एका संस्थेत शास्त्रज्ञ झाली, पण राहायला पुन्हा विचुंब्यातच. वडिलांच्या शेताच्या जागी उठलेल्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर ती आणि तिची आई. लग्न केलं नाही. का नाही केलं असं मी एकदाच विचारलं, तर म्हणाली, "तू केलंस ना? तुझ्याकडे बघून माझी हौस फिटली." वर खदाखदा हसली. माझा नवरा समोरच बसला होता, तोही हसला मेला.

तिचं काम नेमकं काय हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ते मावशींमुळे कळलं. आम्ही तिघी त्यांच्या ओट्याशी जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत होतो. मथुरा सांगत होती की तिची चिप वीज वाहणारी नाही, उजेड वाहणारी आहे. नखाएवढ्या तुकड्यावर केसाहूनही कितीतरी बारीक अशा काचेसारख्या वाटा कोरलेल्या असतात, आणि उजेडाचे कण, म्हणजे फोटॉन, त्या वाटांनी जातात, वळतात, एकमेकांना भेटतात. अशा चिपांवर उद्या वेगळ्याच जातीचे संगणक उभे राहतील, वाटेत कुणाला चोरून वाचता येणार नाहीत असे निरोप धाडता येतील. वाटा कोरणं जगाला जमलेलं आहे. अडलंय ते उगमापाशी. नेहमीच्या दिव्याचा झोत कितीही मंद केला तरी तो कधी दोन फोटॉन एकदम सोडतो, कधी एकही सोडत नाही. तिला हवा होता एका वेळी एकच सोडणारा दिवा, आणि तोही बाहेरून जोडलेला नको, चिपवर, त्या वाटेतच बसवलेला. त्यासाठी ती वापरायची हिऱ्याचा कण. तो डोळ्यांना दिसत नाहीच, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही जेमतेम ठिपका दिसतो. आणि हिराही निर्दोष चालत नाही, आत एक खोट लागते. कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन आलेला आणि त्याच्या शेजारचं घर रिकामं. हिरवा लेझर टाकला की त्या खोटीतून तांबडा फोटॉन निघतो. एक निघाला की दुसरा निघायला थोडं थांबावंच लागतं. असा कण हजारांतून शोधायचा, सुईच्या अतिबारीक टोकाला चिकटवून उचलायचा आणि चिपच्या वाटेवर बरोब्बर मधोमध ठेवायचा. इकडे तिकडे झाला की त्याचा उजेड वाटेत शिरत नाही, हवेत उडून जातो. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. मावशींनी जवळ्यातून एक शिंपला काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "म्हंजे तुजं दिवा लावायचं काम." मथुरा म्हणाली, "हां आय, तेवढंच." तेव्हापासून ती कामावरून घरी आली की मावशी चहा ठेवता ठेवता विचारायच्या, दिवा लागला का ग? आणि ही म्हणायची, नाय, अजून नाय.

हात मात्र तिचा असा स्थिर होता की काय सांगू. लहानपणी सुट्टीत गव्हाणला आजोळी जाऊन सुका जवळा निवडायची, मामी तिला पुढ्यात बसवायच्या कारण हिचं बोट चुकायचं नाही. सुई यंत्राला बसवलेली आणि यंत्र एका दांड्याने चालणारं, पण दांडा शेवटी माणसाच्या अंगठ्याखालीच. तिच्याकडे पीएचडी करणारी शबनम मला सांगायची, मॅडम दांड्याला हात लावतात तेव्हा खोलीत कुणी श्वाससुद्धा जोरात घेत नाही.

आणि तोच अंगठा घेऊन ती एक दिवस माझ्या दवाखान्यात आली. पेशंटसारखी नंबर लावून बाहेर बसली होती. तळहात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सुले, हे बघ ग जरा, किल्ली फिरवताना त्रास होतो." अंगठ्याखालचं मांस बसलं होतं. दंडावरची कातडी आतल्या आत फडफडत होती. मी दोन्ही हात तपासले. मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, सगळ्या तपासण्या झाल्या, आणि मला जे वाटलं होतं तेच निघालं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात तो आजार. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत लख्ख. औषध आहे असं म्हणायला आहे, पण परत फिरवणारं काही नाही. ती कधी जाणार हे तिने विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, की हात किती दिवस राहतील? मी म्हटलं, नक्की नाही सांगता येत. तशी भडकली. म्हणाली, "काय डॉक्टर ग तुम्ही? आम्ही तिकडे एकेक फोटॉन मोजतो आणि तुम्हाला धड एक आकडा देता येत नाही." मी तिला उलटून बोलले, मग दोघी रडलो, मग तिने माझ्या कंपाउंडरकडून चहा मागवला.

उजवा हात लवकर गेला. तिने डाव्याने दांडा धरायला सुरुवात केली. मी ओरडले, विश्रांती घे म्हटलं, शबनमला करू दे म्हटलं. म्हणाली, शबनम करेलच ग, माझ्याहून चांगलं करेल, पण मला एक बसवून जायचा आहे, एकच. हेच तिचं मागणं होतं. नाव नको, बक्षीस नको, आपल्या हाताने ठेवलेल्या एका कणाचा उजेड चिपच्या त्या वाटेने जाऊन पलीकडच्या टोकाला बाहेर पडताना बघायचा होता. कितीदा कण सुईवरून निसटला, कितीदा भलतीकडे पडला. घरी येऊन ती डावा हात गरम पाण्यात बुडवून बसायची आणि मावशी विचारायच्या, लागला का? नाय आय. पावसाळा सरता सरता तिचा फोन आला. जीभ तोवर जड झाली होती. "सुले... बसला." मधोमध. शबनमने चिपच्या वरून, हवेत निसटणारा उजेड धरून मोजूनही पाहिलं. कणाचा उजेड दोन वाटांत फोडून दोन मोजणाऱ्या यंत्रांकडे न्यायचा. दोन्ही यंत्रं एकाच वेळी कधीच वाजली नाहीत, म्हणजे एका वेळी एकच फोटॉन. आता दोन गोष्टी उरल्या होत्या. कण नुसता टेकलेला होता, टोकाशी यंत्र जोडताना हलू नये म्हणून त्याच्यावर काचेसारखा पातळ थर चढवून तो पक्का करायचा, आणि मग चिपच्या टोकाशी बसून बघायचं की उजेड पोचतो का. थर चढवणारं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, दसरा झाला की येणार होतं. तिच्या हातांना आता घाई नव्हती, त्यांचं काम झालं होतं. त्या आठवड्यात मी तिला शेवटचं मोकळं हसताना पाहिलं.

आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते ती तिच्या संस्थेतही व्हायची. खऱ्या प्रयोगशाळेत धुळीचा कण चालत नाही, म्हणून बाहेरच्या खोलीत टेबल मांडायचं, त्यावर जुनं भिंग, पाने, लॅपटॉप, त्यांनाच हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि पेढे. दर वर्षी कुणीतरी करायचं. या वर्षी मथुराने धरलं की पूजा आय करणार. मावशी तयार होईनात. मथुराचे वडील गेल्यापासून त्यांनी कुंकवाला बोट लावलं नव्हतं. गावात हळदीला जायच्या, पण मागे उभ्या राहायच्या. कुणी बोलावलं तरी, "मी नाय, तिला बोलव," असं म्हणून शेजारणीला पुढे करायच्या. इतकी हुशार लेक पोटी, पण या एका बाबतीत त्या माउलीसमोर कुणाचं काही चालत नव्हतं. मथुराने अबोला धरला, जेवायची थांबली. शेवटी मावशी कबूल झाल्या, निघायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाल्या की काय वाईट नाय ना होनार? मी त्यांना झापलंच.

व्हीलचेअर मी ढकलत नेली. मथुराने ती चिपची डबीसुद्धा बाहेर आणवली होती, झाकण बंद करून. आईला दाखवायला, बस. पारदर्शक डबी, आत नखाएवढा तुकडा. मावशींनी एकेका वस्तूला हळद लावली, फूल वाहिलं. कुंकवाच्या करंड्यापाशी आल्या आणि थांबल्या. खोलीत सगळे पेढ्यांच्या गडबडीत होते. मग त्यांनी बोट घातलं. भिंगाला लावलं, लॅपटॉपला लावलं. डबीपाशी आल्या. आता मावशींची घरची रीत अशी की कुंकू वस्तूला लावायचं, वेष्टनाला नाही. नवा मिक्सर आला तर खोक्यातून बाहेर काढून त्यालाच लावतील. त्यांनी नखाने डबीचं झाकण उचललं आणि तुकड्याच्या कडेला अलगद बोट टेकवलं. मी खुर्चीच्या मागे होते, मला मथुराचा चेहरा दिसत नव्हता. काहीतरी बिघडलंय हे मला कळलं ते शबनमच्या चेहऱ्यावरून. ती पेढ्याचं ताट हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिली होती.  मावशींनी झाकण लावलं, डबीला हात जोडले आणि पहिल्यांदाच कितीतरी वर्षांनी इतक्या माणसांत ताठ उभ्या राहिल्या.

बोट कडेलाच लागलं होतं, पण कुंकवाची पूड चिपभर उडाली. स्वस्त कुंकवात जो रंग असतो ना, तो हिरव्या उजेडात पेटतो. दुसऱ्या दिवशी लेझर टाकला तर आख्खी चिप तांबडी झाली. दोन्ही यंत्रं एकदम, अखंड वाजत राहिली. कणाचा उजेड तांबडा आणि कुंकवाचाही तांबडा, वेगळं काढणार कसं? धुवावं तर रंग विरघळून सगळीकडे पसरतो आणि नुसता टेकलेला कण वाहून जातो. लेझरखाली रंग उडतो का तेही त्यांनी बघितलं. वरवरचा उडतो, खालचा तसाच. दुसरा कण बसवायला मथुराचे हात उरले नव्हते. मी काय करू? मी त्या कुंकू बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला घातल्या, मनातल्या मनात मावशींनाही घातल्या. कशाने काही होत नव्हतं.

काही दिवसांनी तिच्या गॅलरीत आम्ही दोघीच असताना मी तिला विचारलं की तू बघत होतीस ना, मग ओरडली का नाहीस? शब्द एकेक करून यायचे, मी वाट बघत बसायचे. ती म्हणाली, "आयनं... आपणहून... बोट घातलं, सुले. मी थांब म्हटलं असतं तर... ती मेली असती." मग म्हणाली, "वाटलं... थोडं असेल... पुसलं जाईल." आणि मग माझ्याकडून वचन घेतलं. आयला कळता कामा नये. कळलं तर ती रंग-बिंग काही ऐकणार नाही. विधवेचा हात लागला म्हणून झालं, हेच धरून बसेल. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मग ते पुढचे महिने. मथुरा खाटेवर, मान तेवढी हलायची. संध्याकाळी मावशी चहा ठेवायच्या, लेकीला चमच्याने पाजायच्या आणि विचारायच्या, दिवा लागला का ग? मथुरा मान हलवून हो म्हणायची. रोज. मी तिथे असले की जमिनीकडे बघत बसायचे. एवढी शिकलीसवरलेली मी, ना तिच्या नसांना काही करू शकले, ना त्या प्रश्नाला.

उत्तरकार्य झाल्यावर मी एका दुपारी विचुंब्याला गेले. मावशी तिची खाट आवरून टाकायला तिच्या पट्ट्या सोडत होत्या. मला बघून खाली बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "मना सगलं म्हाईत हाय, सुलू. माज्या कुंकवानं तिचं काम बिगरलं." मी त्यांच्याशेजारी टेकले. त्या सांगू लागल्या. शबनम भेटायला आली होती, खाटेशी बसून मथुराशी इंग्रजीत बोलत होती. त्या सगळ्या बोलण्यात मावशींना कळणारा एकच शब्द आला, कुंकू. आणि तो आल्याबरोबर मथुराचे डोळे आईकडे वळले. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. मग शबनमला जिन्यात गाठून खरं काढून घेतलं आणि मथीला सांगू नको म्हणून तिला गळ घातली. मी म्हटलं, अहो मग रोज का विचारत होतात, दिवा लागला का म्हणून? मावशी म्हणाल्या, "तिला हो म्हनायला बरं वाटायचं."

मी त्यांच्याशी भांडले. खरंच भांडले. म्हटलं, मावशी, तो रंगाचा गुण आहे. मी सवाष्ण आहे ना, मी लावलं असतं तरी हेच झालं असतं. साक्षात देवीने लावलं असतं तरी चिप पेटली असती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "झालं आसतं," त्या म्हणाल्या. "पन झालं तं माज्याच हातानं झालं."   हे सगळं लिहू का, असं मी विचारलं तर म्हणाल्या लिव, पन हात माजा होता तं लपवू नको. नाही लपवलं, मावशी. पण रंगाचं मी लिहिणारच, तुम्ही कितीही मान हलवा.

मग त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या की चल, मना तिकरं ने, मी लावलं तं मीच पुसते. इतक्या सहज, जसं काही ओटाच पुसायचा आहे. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. सांगितलं की पुसलं तर कुंकवाबरोबर मथुराचा कणही निघून जाईल.

"म्हंजे... तो हाय अजून?"

आहे, मी म्हटलं. शबनमने परवाच पुन्हा पाहिलं. तिच्याकडे एक रेडिओसारखी लहर असते, ती सोडली की हिऱ्याचा तो कण किंचित मंदावतो, कुंकू मंदावत नाही. वरून बघितलं तर तो जेमतेम ओळखू येतो. म्हणजे आहे, जिथे तिने ठेवला तिथेच. त्याचा उजेड वाटेने जाऊन टोकाला पोचतो का, ते मात्र कुणाला कळलं नाही, तिथे सगळा कुंकवाचाच उजेड येतो. आता कळणारही नाही.

मावशी खाटेच्या उघड्या दांड्यावर हात ठेवून बसून राहिल्या. खाली कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, तिचं टी-टी चाललं होतं. ते थांबलं.

"पोचायचं नाय कललं तं नाय," त्या म्हणाल्या. "पन लागलाय ना? माज्या कुंकवात?"

"लागलाय."

"मंग माजी मथी खोटं नव्हती बोलत."

मी म्हटलं, "नव्हती, मावशी." त्यांनी पदर सोडला आणि खाटेच्या पट्ट्या पुन्हा बांधायला घेतल्या.